‘गॅसचं इंजेक्शन’ नेमकं कशासाठी?

आयसीयूच्या बिलात एक ओळ जवळजवळ हमखास सापडते: पॅन्टोप्राझोल ४० मिग्रॅ. नातेवाईक त्याला ‘गॅसचं इंजेक्शन’ म्हणतात आणि वॉर्डातल्या मावशीही तेच म्हणतात. गॅसशी त्याचा काडीचाही संबंध नाही, ते जठरातलं आम्ल कमी करणारं औषध आहे. या वेळच्या सदरात याच इंजेक्शनाभोवतीचे प्रश्न घेतले आहेत. उत्तरं अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांनी आणि औषधतज्ज्ञांनी मिळून दिली आहेत. रुग्ण समोर नसताना दिलेलं उत्तर माहितीपुरतं असतं. औषध सुरू करणं किंवा थांबवणं उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.

प्रश्न : वडील न्यूमोनियामुळे पाच दिवस व्हेंटिलेटरवर आहेत. त्यांना आयुष्यात कधी पित्ताचा त्रास झाला नाही. तरी रोज पॅन्टोप्राझोल चालू आहे. डॉक्टर म्हणाले, ‘स्ट्रेस अल्सर होऊ नये म्हणून.’ पित्तच नसेल तर अल्सर कसा होईल? (सांगली)

पित्ताचा त्रास कधी नव्हता याने इथे फरक पडत नाही. हा अल्सर जास्त आम्लामुळे होतोच असं नाही. बहुतेक वेळा आम्ल नेहमीइतकंच असतं, कधी त्याहूनही कमी. बिघडते ती जठराच्या आतली राखण.

निरोगी जठरात आम्लाचा पीएच १ ते २ च्या आसपास असतो. जठराचं अस्तर त्यात का विरघळत नाही? अस्तरावर चिकट श्लेष्माचा पातळ थर असतो आणि त्यात बायकार्बोनेट सतत झिरपत असतं. वर एवढं तीव्र आम्ल असूनही थराखाली, पेशींना लागून, पीएच जवळजवळ ७ राहतो. हा थर आणि बायकार्बोनेट तयार करायला पेशींना अखंड रक्तपुरवठा लागतो. जंतुसंसर्गाने, मोठ्या रक्तस्रावाने किंवा भाजल्याने रक्तदाब ढासळला, की शरीर मेंदू आणि हृदय वाचवायला पोटाकडचं रक्त सर्वांत आधी तोडतं. अस्तराच्या पेशी उपाशी पडतात, बायकार्बोनेट आटतं, आम्ल आत झिरपतं आणि उथळ चरे पडू लागतात. ते मुख्यतः जठराच्या वरच्या आणि मधल्या भागात पडतात आणि आजाराच्या पहिल्या दिवशीच पडायला सुरुवात होते. रक्तदाब सावरून रक्त परत येतं तेव्हाही पेशींना थोडी इजा होतेच.

या चऱ्यांपैकी बहुतेक रक्त न येताच भरून येतात. काळजी असते ती एखादा चरा खोल जाऊन रक्तवाहिनीपर्यंत पोचण्याची. म्हणून डॉक्टर ‘अल्सर झाला का’ यापेक्षा ‘महत्त्वाचा रक्तस्राव झाला का’ हे बघतात. महत्त्वाचा म्हणजे रक्त उघड दिसणं आणि सोबत रक्तदाब पडणं, हिमोग्लोबिन साधारण २ ग्रॅमने उतरणं किंवा रक्त चढवावं लागणं.

असा रक्तस्राव कोणाला होतो, हे १९९४ मध्ये कॅनडातल्या आयसीयूंमधल्या २२५२ रुग्णांवरच्या अभ्यासातून नीट कळलं. दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या: ४८ तासांपेक्षा जास्त व्हेंटिलेटर, आणि रक्त गोठण्यातला बिघाड. यांपैकी एक तरी असलेल्या ८४७ रुग्णांपैकी ३.७ टक्क्यांना रक्तस्राव झाला. दोन्ही नसलेले १४०५ जण होते, त्यांच्यापैकी रक्तस्राव झाला फक्त दोघांना. आयसीयूत प्रत्येकाला हे औषध नको, असं म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार आजही हाच आकडा आहे.

तुमचे वडील पाच दिवस व्हेंटिलेटरवर आहेत, म्हणजे ते पहिल्या गटातले. त्यांना औषध देणं योग्यच आहे. २०२४ मध्ये ८ देशांतल्या ६८ आयसीयूंमधल्या ४८२१ व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना रोज पॅन्टोप्राझोल ४० मिग्रॅ शिरेतून दिलं, निम्म्यांना दिसायला तसंच पण औषध नसलेलं इंजेक्शन. महत्त्वाचा रक्तस्राव पहिल्या गटात १ टक्का, दुसऱ्यात ३.५ टक्के. म्हणजे साधारण ४० जणांना औषध दिलं तर एकाचा रक्तस्राव टळतो. मृत्यूच्या प्रमाणात मात्र ठोस फरक दिसला नाही: २९.१ आणि ३०.९ टक्के. औषध रक्तस्राव टाळतं. मूळ आजार बरा करण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका.

डॉक्टरांना एवढंच विचारा: ‘हे कोणत्या कारणासाठी चालू आहे आणि कधी बंद होणार?’ व्हेंटिलेटर निघाला, रक्तदाब टिकवण्याचं औषध बंद झालं, रक्त गोठण्याच्या चाचण्या सुधारल्या आणि ते जेवू लागले, की कारण संपतं. काही दिवसच दिलेलं औषध त्याच दिवशी थांबवता येतं, हळूहळू कमी करत बसावं लागत नाही. वॉर्डात हलवताना कागदावर तसं लिहिलेलं असलं, तर पुढचे डॉक्टर सवयीने ते चालू ठेवत नाहीत.

प्रश्न : स्ट्रेस म्हणजे टेन्शन ना? मग रुग्णाला शांत ठेवलं, भजनं ऐकवली तर अल्सर टळेल का? (चिपळूण)

भजनं जरूर ऐकवा. आयसीयूत ओळखीचा आवाज कानावर पडलेला बरा असतो. पण इथला ‘स्ट्रेस’ शरीरावरचा आहे, मनावरचा नाही. १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी उंदरांना थंडी, शस्त्रक्रिया, अतिश्रम अशा वेगवेगळ्या माऱ्यांखाली ठेवलं. मारा कोणताही असो, जठर-आतड्यांत व्रण सापडत होते. ‘स्ट्रेस’ हा शब्द वैद्यकात रुळला तो या कामामुळे, पण रोग त्याआधीच माहीत होता. मोठ्या भाजण्यानंतरच्या व्रणांचं वर्णन कर्लिंग यांनी १८४२ मध्ये केलं होतं, मेंदूच्या विकारांनंतरच्या व्रणांचं कुशिंग यांनी १९३२ मध्ये. डोक्याला मार लागलेल्यांचं प्रकरण थोडं वेगळं असतं. त्यांच्यात व्हेगस मज्जातंतू चेतवला जाऊन आम्ल खरंच वाढू शकतं.

चालत्या-फिरत्या माणसाला होणारा अल्सर निराळा. त्यामागे बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात.

प्रश्न : आम्ही ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिका आहोत. पॅन्टोप्राझोल देण्याची पद्धत प्रत्येक ड्युटीला वेगळी दिसते. कोणी गोळी कुटून रायल्स ट्यूबमधून (नाकातून जठरात घातलेल्या नळीतून) देतं, कोणी इंजेक्शन एका झटक्यात. बरोबर काय? (नंदुरबार जिल्हा)

आधी गोळीचं सांगतो, कारण चूक तिथेच जास्त होते. पॅन्टोप्राझोलच्या साध्या गोळीवर एक आवरण असतं. ते जठरात टिकतं आणि आतड्यात विरघळतं, कारण हे औषध आम्लात नासतं. गोळी कुटली की आवरणाचा उपयोग संपला. आम्ल थांबवायला दिलेलं औषध आम्लच खाऊन टाकतं. चार्टवर सही होते, ‘औषध दिलं’ अशी नोंदही होते, पण रुग्णाला मिळतं जवळजवळ काहीच नाही. वर आवरणाचे चिकट तुकडे नळीत अडकतात. मग नळी मोकळी करायला जोरात पाणी ढकललं जातं, ते न झाल्यास नळी काढून पुन्हा घालावी लागते. त्या घालण्यातच नाकातून रक्त येतं, आणि ते पोटात उतरलं की सगळे अल्सर शोधत बसतात.

नळीतूनच द्यायचं असेल तर नळीसाठी बनवलेलं रूप घ्या. तोंडात विरघळणारी लॅन्सोप्राझोलची ३० मिग्रॅची गोळी १० मिली पाण्यात विरघळवून ८ फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप) किंवा त्याहून जाड नळीतून देता येते. पाण्यात कालवायची इसोमेप्राझोलची दाणेदार पूडही चालते. ओमेप्राझोलची कॅप्सूल उघडून दाणे ओतण्याची पद्धत बारीक नळीत घात करते, दाणे फुगतात आणि नळी चोंदते. औषधाआधी आणि नंतर साधारण १५ ते ३० मिली पाणी द्या. नळी सक्शनला किंवा बॅगला जोडलेली असेल, तर औषधानंतर निदान अर्धा तास ती बंद ठेवा, नाहीतर दिलेलं औषध बॅगेत जमा होतं.

आता इंजेक्शन. ४० मिग्रॅच्या कुपीत कोरडी पूड असते. त्यात १० मिली नॉर्मल सलाईन घाला आणि पूर्ण विरघळेपर्यंत कुपी हलकेच फिरवा. द्रावण स्वच्छ, रंगहीन किंवा फिकट पिवळं दिसायला हवं. तरंगणारं काही दिसलं किंवा रंग गडद वाटला तर टाकून द्या. हे १० मिली शिरेतून किमान २ मिनिटं घेऊन द्यायचं. किंवा १०० मिली सलाईनमध्ये मिसळून १५ मिनिटांत. एका झटक्यात देऊ नका. शिरेची जळजळ आणि सूज हा या औषधाचा ओळखीचा त्रास आहे, आणि एकाच हाताला चार दिवस सुई असलेल्या रुग्णात तो लवकर दिसतो. स्नायूत किंवा कातडीखाली हे इंजेक्शन कधीच द्यायचं नाही.

आणखी एक. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला त्याच लाइनमधून बहुधा मिडाझोलाम हे गुंगीचं औषध चालू असतं. ही दोन औषधं एका नळीत एकत्र आली की साका धरतो. वेगळी लाइन नसेल तर मिडाझोलाम थोडा वेळ थांबवून लाइन सलाईनने धुवा, पॅन्टोप्राझोल द्या, पुन्हा धुवा, मग मिडाझोलाम सुरू करा. कुपी सकाळीच विरघळवून दुपारच्या ड्युटीसाठी ट्रेमध्ये ठेवू नका. द्यायच्या वेळीच विरघळवा.

डोस दिवसातून एकदा, ४० मिग्रॅ. प्रतिबंधासाठी दोनदा देण्याची गरज नसते. काही ठिकाणी अजूनही दर थोड्या वेळाने जठरातलं पाणी ओढून पीएच तपासतात. ती पद्धत १९७० च्या दशकातली, जेव्हा नळीतून तासातासाला अँटासिड ओतून पीएच ठराविक आकड्याच्या वर ठेवायचे. आता तिची गरज नाही. तो वेळ रुग्णाची कूस बदलायला आणि तोंड स्वच्छ करायला द्या, न्यूमोनिया टाळायला त्याचा जास्त उपयोग होईल.

प्रश्न : आमच्या छोट्या आयसीयूत रॅनिटिडीन, सुक्राल्फेट आणि पॅन्टोप्राझोल तिन्ही वापरली जातात, कधी दोन एकत्रही. निवड कशी करावी? (लातूरचे एक डॉक्टर)

दोन एकत्र देण्यात सहसा अर्थ नाही. सुक्राल्फेटला जठराच्या इजा झालेल्या जागेवर चिकटायला आम्ल लागतं. एका हाताने आम्ल बंद करायचं आणि दुसऱ्या हाताने आम्लावर चालणारं औषध द्यायचं, यातून बिल वाढतं, बाकी काही नाही.

सुक्राल्फेट एकटं दिलं तर? १ ग्रॅम दर ६ तासांनी, नळीतून. १९९८ मध्ये व्हेंटिलेटरवरच्या १२०० रुग्णांत रॅनिटिडीनशी तुलना झाली, तेव्हा महत्त्वाचा रक्तस्राव रॅनिटिडीनच्या गटात १.७ टक्के आणि सुक्राल्फेटच्या गटात ३.८ टक्के होता. न्यूमोनिया सुक्राल्फेटने कमी होईल ही आशा त्या चाचणीत पुरी झाली नाही. शिवाय ते नळी चोंदवतं आणि थायरॉक्सिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, फेनिटॉइन अशा औषधांना आतड्यात अडकवून ठेवतं. त्यात ॲल्युमिनियम असतं आणि मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णात ते साठतं. नळीचं टोक जठराच्या पुढे, लहान आतड्यात असेल, तर सुक्राल्फेट जिथे हवं तिथे पोचतच नाही.

रॅनिटिडीन ५० मिग्रॅ दर ८ तासांनी शिरेतून, ही जुनी ओळखीची रीत. अडचणी तीन. काही दिवसांत शरीर त्याला सरावतं आणि आम्ल पुन्हा वाढू लागतं. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड किती काम करतं याचं माप) ५० च्या खाली असेल तर तोच डोस १८ ते २४ तासांनी एकदाच द्यायचा असतो. हे विसरलं की म्हाताऱ्या रुग्णाला भ्रम होतो आणि त्याचं खापर ‘आयसीयू सायकोसिस’वर फुटतं. तिसरी अडचण त्यात सापडलेल्या एनडीएमए या कर्करोगाचा संशय असलेल्या अशुद्धीची. अमेरिकेच्या औषध नियामकांनी एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढायला लावलं, आणि आपल्याकडे २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतून ते वगळलं गेलं. याच गटातलं फॅमोटिडीन मिळत असेल तर २० मिग्रॅ दर १२ तासांनी द्या, मूत्रपिंड कमजोर असेल तर दिवसातून एकदा.

पॅन्टोप्राझोलच्या गटाची रॅनिटिडीनच्या गटाशी सर्वांत मोठी तुलना २०२० मध्ये आली, ५० आयसीयूंमधल्या सुमारे २७ हजार रुग्णांत. रक्तस्राव १.३ विरुद्ध १.८ टक्के, मृत्यू १८.३ विरुद्ध १७.५ टक्के. मृत्यूचा फरक योगायोगाने येण्याइतका होता. आमचं मत: मूत्रपिंडाचा डोस सांभाळायला लागू नये आणि शरीर सरावू नये म्हणून पॅन्टोप्राझोल ४० मिग्रॅ, एकदा. रुग्ण क्लोपिडोग्रेलवर (रक्तात गुठळ्या होऊ न देणारं औषध) असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळा, कारण ती क्लोपिडोग्रेलला काम करू देत नाहीत. पॅन्टोप्राझोलचा अडथळा त्यामानाने बराच कमी.

पण तुमच्या राउंडमध्ये औषधाच्या निवडीपेक्षा ‘कोणाला’ हा प्रश्न मोठा ठेवा. शॉक (रक्तदाब ढासळून अवयवांना रक्त कमी पडणं), जुनाट यकृतविकार, प्लेटलेट ५० हजारांखाली किंवा आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) १.५ च्या वर, व्हेंटिलेटर, गंभीर मेंदूची इजा, मोठं भाजणं: यांना द्या. नुसतं स्टेरॉइड चालू आहे किंवा नुसता आयसीयूत दाखल आहे, एवढ्यावर देऊ नका.

प्रश्न : नळीतून अन्न चालू असेल तर अल्सरचं औषध लागत नाही, असं वाचलं. खरं का? (पुणे)

अर्धं खरं. अन्नामुळे आम्ल थोडं निवळतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जठर-आतड्यांकडचा रक्तपुरवठा वाढतो. २०२० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या शिफारशींत हा फरक स्पष्ट मांडला आहे. व्हेंटिलेटरवर असून नळीतून अन्न नसलेला रुग्ण सर्वाधिक धोक्याच्या गटात, तर अन्न चालू असलेला मध्यम गटात. मात्र २०२४ च्या चाचणीत बहुतेकांना नळीतून अन्न मिळत होतं, तरीही औषधाचा फायदा दिसलाच. म्हणून धोका असेल तर दोन्ही हवं. रक्तदाब सावरला की पहिल्या २४ ते ४८ तासांत अन्न सुरू करायचं, कमी वेगाने, आणि पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवायची.

प्रश्न : डेंग्यूच्या दिवसांत आमच्या दवाखान्यात प्लेटलेट कमी झाल्या की प्रत्येकाला ‘गॅसचं इंजेक्शन’ लावतात. प्लेटलेट ४० हजार असतील तर ते गरजेचं नाही का? (नागपूर)

प्लेटलेट ५० हजारांखाली हा धोक्याचा आकडा आयसीयूतल्या रुग्णांवरून आला आहे. पलंगावर बसून पेज खाणारा, रक्तदाब ठीक असलेला, लघवी व्यवस्थित होणारा डेंग्यूचा रुग्ण त्या आकड्यात बसत नाही. त्याला रक्तस्रावापासून वाचवायचं तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन टाळा. तापाला पॅरासिटामॉलच. डेंग्यूतला मोठा रक्तस्राव बहुतेक वेळा लांबलेल्या शॉकच्या मागोमाग येतो, म्हणून खरा प्रतिबंध म्हणजे वेळेवर आणि मोजून दिलेलं सलाईन. शॉक किंवा व्हेंटिलेटरपर्यंत गोष्ट गेली, तर मात्र पॅन्टोप्राझोल द्यायलाच हवं.

या सवयीत एक वेगळाच धोका दडलेला आहे. पोटात सतत दुखणं आणि उलट्या न थांबणं ही डेंग्यूतली धोक्याची लक्षणं आहेत. रक्तवाहिन्यांतून पाणी गळू लागल्याची ती सूचना असू शकते, आणि ताप उतरतो त्याच सुमाराला ती दिसते. अशा वेळी ‘गॅस झालाय’ म्हणून इंजेक्शन देऊन रुग्णाला घरी धाडलं, तर निसटतो तो शॉक ओळखण्याचा वेळ. त्या क्षणी रक्तदाब, नाडी, हातापायांचा गारठा आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) बघा.

घोणस किंवा फुरसं चावलेल्या रुग्णालाही हेच लागू. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत घेतलेलं रक्त २० मिनिटांनी गोठलेलं नसेल तर इलाज प्रतिसर्पविषाचा. अल्सरचं औषध फार तर जोडीला.

प्रश्न : आईच्या रायल्स ट्यूबमधून काळपट पाणी आलं. अल्सर फुटला असं समजायचं का? (नवी मुंबई)

लगेच नाही. कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट पाणी म्हणजे आम्लात पडून काळं झालेलं रक्त असू शकतं, पण ते किती आणि कुठलं हे त्यावरून कळत नाही. नळी घालताना नाक सोललं असेल, दातांतून रक्त येऊन गिळलं गेलं असेल, नळीचं टोक जठराच्या भिंतीला सतत घासत असेल किंवा सक्शनचा जोर जास्त असेल. लोहाच्या औषधाने शौच काळं होतं, पण ते डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं नसतं. नळीतल्या पाण्यावर ‘लपलेल्या रक्ताची’ चाचणी करून फार हाती लागत नाही. आयसीयूतल्या बऱ्याच रुग्णांत ती काही ना काही दाखवते.

खरी खूण आकड्यांत असते. वरचा रक्तदाब २० ने उतरला, नाडी तेवढीच चढली, २४ तासांत हिमोग्लोबिन २ ग्रॅमने पडलं, किंवा पाणी ताजं लाल झालं, तर डॉक्टर हात-पाय हलवतात. दोन जाड सुया, रक्तगट आणि क्रॉसमॅच, रक्त पातळ करणारं औषध थांबवणं, पॅन्टोप्राझोलचा डोस वाढवणं, आणि रुग्ण थोडा स्थिरावला की साधारण २४ तासांच्या आत दुर्बीण. स्ट्रेस अल्सरचे चरे बऱ्याचदा अनेक आणि पसरलेले असतात, त्यामुळे दुर्बिणीतून एका जागी क्लिप लावून दरवेळी भागत नाही. शॉक आणि संसर्ग आटोक्यात आणणं हाच त्यांचा इलाज. ट्रानेक्सॅमिक ॲसिड ‘रक्त थांबवायला’ म्हणून मागू नका. २०२० मधल्या १२,००९ रुग्णांच्या चाचणीत पोटातल्या रक्तस्रावाने होणारे मृत्यू त्याने कमी झाले नाहीत, उलट शिरांमधल्या गुठळ्या वाढल्या.

प्रश्न : माझी सासू ६८ वर्षांची. तीन महिन्यांपूर्वी आयसीयूतून घरी आली. तेव्हापासून सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल चालू आहे, हल्ली डोमपेरिडोन मिसळलेली कॅप्सूल. किती दिवस घ्यायची? (कोल्हापूर)

डिस्चार्ज कार्डावर लिहून आलेली आणि नंतर कोणी न विचारलेली ही गोळी घराघरांत सापडते. आयसीयूत ती ज्या कारणाने सुरू झाली ते कारण तिथेच संपलं. चालू ठेवण्याची खरी कारणं वेगळी: स्टेंटनंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू असणं, वारफरिनसोबत ॲस्पिरिन, या वयात संधिवातासाठी रोज वेदनाशामक, दुर्बिणीत दिसलेला अल्सर, अन्ननलिकेची सिद्ध झालेली जळजळ. यांतलं काही असेल तर गोळी बंद करू नका. नसेल, तर कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा आणि थांबवण्याबद्दल विचारा.

तीन महिन्यांनी एकदम बंद केली तर काही जणांना आठवडा-दोन आठवडे छातीत जळजळ होते. इतके दिवस दाबलेलं आम्ल उसळतं, एवढंच. त्यावरून ‘आईला गोळीशिवाय चालत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो आणि गोळी कायमची होते. म्हणून आधी ४० ची २० मिग्रॅ, दोन आठवडे. मग एक दिवसाआड, मग बंद. मधे जळजळ झाली तर साधं अँटासिड. तोवर डॉक्टरांना दोन गोष्टी तपासायला सांगा: मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर बी१२, आणि लघवीची गोळी चालू असून पायांत गोळे येत असतील तर मॅग्नेशियम.

डोमपेरिडोनवाली कॅप्सूल आधी बघा. त्याने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, विशेषतः साठीच्या पुढे आणि हृदयविकार असताना. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्येच डोमपेरिडोन मळमळ-उलटीपुरतं, १० मिग्रॅ दिवसातून जास्तीत जास्त तीनदा आणि सहसा आठवड्याच्या आत, असं मर्यादित केलं. तीन महिने रोज घेण्याचं ते औषध नाही.

प्रश्न : पित्तावर थंड दूध चांगलं म्हणतात. बाबांच्या नळीतून आम्ही थोडं थंड दूध किंवा कोकम सरबत दिलं तर चालेल का? (सावंतवाडी)

नाही, आणि सिस्टरना न सांगता तर मुळीच नाही. दूध आम्लाला घटकाभर निवळवतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम थोड्या वेळाने जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. १९७० च्या आधीचे डॉक्टरही अल्सरवर दुधाचा मारा करायचे, ती पद्धत मागे पडली ती उगाच नाही. कोकम तर आंबटच.

मोठा धोका नळीच्या जागेचा आहे. रुग्ण खोकला किंवा कूस बदलली की नळी थोडी बाहेर सरकते, आणि बेशुद्ध रुग्णाला ठसका लागत नाही. म्हणून दर वेळी सिस्टर नळीवरची खूण नाकाशी तितकीच आहे का हे बघतात, पाणी ओढून बघतात, डोकं उंच आहे याची खात्री करतात, मगच देतात. बाबांना घरचं काही द्यावंसं वाटत असेल तर आहारतज्ज्ञांशी बोला. पातळ गाळलेली मुगाच्या डाळीची पेज किंवा ताकातली नाचणीची आंबील बऱ्याच ठिकाणी चालते. ती गाळणीतून दोनदा गाळलेली, कोमट आणि ताजी हवी, कारण नाचणीचा एक गोळाही नळी बंद करायला पुरतो.